जुन्या मोटारीच्या मापकांवर साचणारे धुके

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसडर मोटार आजही अनेकांनी जपून ठेवली आहे. अशा जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डवरील मापकांच्या काचा पावसाळ्यात पुष्कळदा आतून धूसर होतात. हा दोष केवळ दिसण्यापुरता आहे, असे समजले जाते. परंतु घाट चढताना इंजिन तापले आहे किंवा तेलाचा दाब उतरला आहे, ही सूचना चालकाला याच काचांमधून मिळावयाची असते. ती वेळेवर न मिळाल्यास इंजिनाचीच हानी होते.

मापकाची डबी सहसा पूर्णपणे हवाबंद नसते. दिव्यामुळे व उन्हामुळे तिच्यातील हवा तापते. तापमान २० अंश सेल्सिअसवरून ५० अंशांवर गेले, की हवा सुमारे एक-दशांशाने प्रसरण पावते व तेवढी फटींतून बाहेर पडते. डबी निवाली, की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना मात्र १७ ग्रॅमच. जास्तीचे बाष्प मग थंड काचेवर दवाप्रमाणे जमते.

धुके कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रथम ओळखले पाहिजे. उन्हात नाहीसे होणारे धुके पाण्याचे असते. उन्हातही टिकणारा थर बहुधा तेलकट असतो. वेगमापकाच्या केबलला वंगण अधिक झाल्यास ते फिरत्या तारेवरून चढून मापकात शिरते. अशा वेळी केबल स्वच्छ करून तिचा मापकाकडील वीतभर भाग कोरडा ठेवावा.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. काही फार जुन्या, विशेषतः लष्करी, वाहनांतील मापकांच्या चमकत्या रंगात रेडियम असे. रंगाची चमक विझली तरी किरणोत्सर्ग थांबत नाही, कारण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. तशी शंका असल्यास डबी घरी मुळीच उघडू नये.

इतर मापकांच्या बाबतीत आधी बॅटरीची जोडणी सोडवावी व प्रत्येक तारेवर खूण करावी. तापमापकाला बारीक धातूची नळी जोडलेली असल्यास तिला पीळ देऊ नये. तिच्यातील द्रव निसटला, की मापक निकामी होते. काचेभोवतीचे धातूचे कडे हलक्या हाताने सोडवावे. काच सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. तबकडीला पाणी किंवा स्पिरिट लावू नये, अन्यथा आकडे पुसले जातात. तिच्यावरील धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. काट्याला धक्का लावू नये. उघडी डबी सिलिका जेलसह बंद पेटीत एक दिवस ठेवल्यास तिच्यातील ओल निघून जाते.

कोरड्या दिवशी काच पुन्हा बसवताना तिच्याखालचे कडक झालेले रबर बदलावे. मागील बाजूस दिव्याचे बूड सैल आहे काय, तेही पाहावे. सर्व छिद्रे डिंकाने बुजवण्याचा मोह मात्र टाळावा. काही डब्यांना हवेसाठी मुद्दाम छिद्र ठेवलेले असते. ते बुजवल्यास आत राहिलेली ओल तेथेच कोंडली जाते. काच पुसल्याने धुके तेवढ्यापुरते जाते. ओल आत शिरण्याची वाट बंद केली, तरच ते परत येत नाही.