वहीच्या एका पानावरचा हंगाम

मे महिना सरत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीपेक्षा जाळ्यांचीच गर्दी जास्त दिसते. जाळी उतरवायची, वाळवायची, इंजिन खोलायचं, नौका शाकारायच्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही पाहता बंदी हवीच.

या सगळ्या धावपळीत एक काम बसून चालतं, खलाशांच्या हिशोबाचं. अशा एका हिशोबाला मी शेजारी बसलो होतो. मालकाच्या मांडीवर लांबट वही, एकेका खलाशाचं एकेक पान. वर हंगामाच्या सुरुवातीची उचल; खाली गावी धाडलेले पैसे, औषधाला घेतलेले, मोबाइलला घेतलेले. समोरचा खलाशी नेपाळच्या कैलाली जिल्ह्यातला. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे वहीतले आकडे त्याला उलट्या बाजूनेही वाचता येत होते. एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. "ये दो बार लिखा है, सेठ." मालकाने पाहिलं, एक ओळ खोडली आणि बेरीज पुन्हा केली. पैसे मोजून झाले, पान संपलं.

पुढे रेल्वेने दिल्ली, तिथून बसने गौरीफंटा आणि सीमा ओलांडली की धनगढी. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला ना व्हिसा लागतो, ना कामाचा परवाना. पण येण्याजाण्याची मोकळीक मिळाली, तरी केलेल्या कामाचा हक्क काही सोबत जात नाही. आणि बंदीच्या काळातली त्याची बेकारी तर सरकारी आदेशाने, तारखा ठरवून आलेली आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मदतीची सोय आहे: मच्छीमाराचे १५०० आणि सरकारचे ३००० मिळून तीन महिन्यांत ४५०० रुपये. मात्र मच्छीमार दारिद्र्यरेषेखालचा हवा, १८ ते ६० वयाचा हवा आणि चालू सहकारी संस्थेचा सभासद हवा. मुलखाबाहेरून येऊन दुसऱ्याच्या नौकेवर राबणारा खलाशी इथल्या संस्थेचा सभासद व्हायचा कसा? कर्नाटकातून आलेला भारतीय खलाशीही इथेच अडतो.

युरोपीय संघाने हा गुंता नियम करून सोडवला आहे. जर्मनीत बेकारभत्त्यासाठी साधारणपणे ३० महिन्यांत १२ महिन्यांचा विमा भरलेला लागतो. पोर्तुगालमध्ये नऊ महिने आणि मग जर्मनीत तीन महिने विम्याखाली काम केलेल्याचे पोर्तुगालमधले महिनेही धरले जातात. तिथून 'यू १' हा दाखला आणायचा. भत्ता सुरू असताना दुसऱ्या देशात काम शोधायला जायचं असेल, तर साधारणपणे चार आठवडे बेकार म्हणून नोंदणीत राहून 'यू २' घ्यायचा. भत्ता तीन महिने सोबत जातो, काही वेळा सहा. समुद्रावरच्या कामगाराचा प्रश्नही त्यांनी सोडवला: नौकेवर ज्या देशाचा झेंडा, त्याच देशात त्याने काम केलं असं धरायचं.

हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. माणूस कुठला हे न विचारता नौका कुठली ते विचारायचं. आपल्या नौकांवरही नोंदणी क्रमांक ठळक रंगवलेला असतो आणि त्यात राज्याची संक्षिप्त अक्षरं असतात. समुद्रमार्गे झालेल्या २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर समुद्रात जाणाऱ्याची ओळख तपासण्यावर मोठा भर आला. म्हणजे नौकेवर कोण आहे हे सरकारला कळायला हवं, हे मान्य झालेलंच आहे. तो किती दिवस राबला, हे मात्र अजून मालकाच्या वहीतच राहतं. तेवढे दिवस नौकेच्या क्रमांकापुढे सरकारदरबारी नोंदवावेत, मालकाने आणि खलाशाने त्यावर थोडी वर्गणी भरावी आणि बंदीची मदत त्या दिवसांवर ठरावी. भारतीय खलाशाला ती आपल्या राज्यातल्या बँकेत मिळावी. नेपाळच्या खलाशासाठी दोन्ही सरकारांनी वेगळा करार करावा. तोवर संस्थेच्या सभासदत्वाची अट बाहेरून आलेल्या खलाशांपुरती तरी सैल करायला हवी.