नातवाचा नंदी आणि चमकी

तान्हा पोळा जवळ आला, की कळमन्यापासून महालापर्यंत नागपुरात लाकडी नंदी दिसू लागतात. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले आपला चाकांचा नंदी सजवून दारोदार नेतात आणि बोजारा घेऊन येतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे नागपुरात सांगतात. आईबाप कामाधंद्यावर गेलेले, तेव्हा नंदी सजवण्याचे काम आजी-आजोबांकडे येते, आणि नातवाची पहिली मागणी असते, "आबाजी, याले चमकी लावा नं!"

लावावी, अवश्य लावावी. पण ती काय वस्तू आहे हे आधी पाहू.

पूर्वी खऱ्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून वर बेगड चिकटवीत. बेगड म्हणजे धातूचा रंगवलेला, अतिशय पातळ पत्रा. आज पुडीत मिळते ती चमकी बहुधा प्लास्टिकची. प्लास्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर देतात, रंग चढवतात आणि त्याचे बारीक, पुष्कळदा षट्कोनी, तुकडे कापतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक इवलासा आरसाच. हे आरसे वेगवेगळ्या कोनांत चिकटलेले असतात. म्हणून नंदी हलला की कधी हा लखलखतो, कधी तो.

आता गंमत अशी, की सपाट आणि हलका असल्यामुळेच हा तुकडा घामेजलेल्या बोटाला चिकटतो. आणि लहान मुलाचे बोट घटकाभरात डोळ्याकडे जाते. खरी काळजी आहे ती इथे. तुकड्याच्या कडा धारदार असतात. डोळा चोळला तर बुबुळावर ओरखडा उठतो. म्हणून चोळू देऊ नका, रुमालाच्या टोकाने काढायलाही जाऊ नका. स्वच्छ पाण्याची संथ धार सोडा आणि डोळ्याची उघडझाप करायला सांगा. टोचणे किंवा लाली राहिली, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे न्या.

चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गाठी मोडून कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, चिकट झाली की उतरवा. खळ टिकावी म्हणून तीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे. मुलांच्या कामात ती मुळीच नको. मोरचूद विषारी आहे.

पंखा बंद करा. नंदीखाली जुन्या दिनदर्शिकेचे पान पसरा. खळीचा कुंचला नातवाच्या हाती, चमकीची पुडी मात्र तुमच्याकडे. त्याने जिथे खळ लावली तिथे तुम्ही चमच्याने, अगदी जवळून, चमकी सोडायची. फुंकर कुणीच मारायची नाही. ती नाकातोंडात जाते. वाळल्यावर वरून पातळ खळीचा आणखी एक हात द्या. साऱ्या अंगावर चमकी थापण्यापेक्षा शिंगे आणि झुलीची किनार एवढीच चमकवली तर नंदी अधिक देखणा दिसतो, असे माझे मत. झूल गोणपाटाच्या तुकड्याची होते, गोंडे सुतळीचे. कळमन्याच्या धान्यबाजारालगत राहणाऱ्यांना या दोन्ही वस्तूंचा काय तोटा!

तीन वर्षांच्या आतले भावंड मध्ये लुडबुड करीलच. त्याला झेंडूच्या पाकळ्या चिकटवायला द्या.

शेवटी आवरण्याचे. चमकीने भरलेले हात एकदम नळाखाली धरू नका. आधी ओल्या फडक्याने पुसा. मोरीचे पाणी नाल्यातून नाग आणि पिवळी नदीत, आणि पुढे कन्हानला जाऊन मिळते. प्लास्टिक तर कुजत नाही. याच कारणासाठी युरोपीय संघाने २०२३ साली सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले. कागदावर सांडलेली चमकी मात्र टाकायची गरज नाही. पान मधोमध दुमडा आणि पन्हळीतून ओतावी तशी ती पुडीत परत ओता. पुढच्या वर्षीच्या शिंगांना पुरते.