पीएफमधले पेन्शन किती पुरणार?

पगारातून दरमहा 'पीएफ' कापला जातो, त्याअर्थी म्हातारपणाच्या पेन्शनची सोय झाली, अशी खासगी नोकरीतील अनेकांची समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असताना उरलेले निम्मे कळते आणि तेव्हा हाती वेळ नसतो.

मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून कापली जाते. ती सगळी भविष्य निर्वाह निधीत जमा होते. मालकाच्या १२ टक्क्यांतून मात्र ८.३३ टक्के हिस्सा १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेकडे वळतो. यासाठी वेतनाला मर्यादा आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये ती ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्यात आली. म्हणजे मूळ वेतन ६० हजार असले, तरी १५ हजारांच्या मर्यादेनुसार योजनेत महिन्याला १,२५० रुपयेच जातात. त्याच महिन्यापासून याहून अधिक वेतनावर प्रथमच नोकरीला लागलेल्यांना तर ही योजना लागूच केली गेली नाही. त्यांचा सगळा पैसा निधीत जातो; पेन्शन नाही.

पेन्शनचा हिशेब सोपा आहे. शेवटच्या ६० महिन्यांचे सरासरी वेतन, अर्थात मर्यादेच्या आतले, गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. एखाद्याने ३३ वर्षे नोकरी केली आणि २० वर्षांच्या सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची भर धरली, तर १५ हजारांच्या हिशेबाने महिना ७,५०० रुपये होतात. सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेला जुनीच मर्यादा लागत असल्याने जुन्या कर्मचाऱ्यांच्या हाती याहूनही कमी पडते. शिवाय या रकमेला महागाई भत्त्याची जोड नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर ५८व्या वर्षी मिळालेल्या ७,५०० रुपयांची किंमत सत्तरीत निम्मी उरेल. वाढीव वेतनावर पेन्शनचा पर्याय मान्य झालेले त्यातल्या त्यात सुदैवी.

तेव्हा खरी मदार निधीतील शिलकीवर. आणि नेमकी तीच नोकरी बदलताना काढली जाते. कधी घराच्या डिपॉझिटसाठी, कधी लग्नासाठी, तर कधी नुसतेच 'पडून काय करायचे' म्हणून. तिशीत काढलेले दोन लाख आठ टक्के व्याजाने ५८व्या वर्षापर्यंत राहिले असते, तर सव्वासतरा लाखांच्या घरात गेले असते. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी पैसे काढले, तर त्यावर प्राप्तिकराचाही प्रश्न येतो.

पेन्शनचा हिस्सा काढणे त्याहून महागात पडते, कारण त्यासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागते. समजा, एकाने पुण्यात चार, ठाण्यात पाच आणि मुंबईत सहा वर्षे काम केले. पहिल्या दोन्ही वेळा पैसे काढले असतील, तर सेवा सहाच वर्षांची राहते. तिन्ही जोडली असती, तर १५ वर्षांचे सुमारे ३,२०० रुपये महिना आणि मृत्यूनंतर पत्नीला निवृत्तिवेतन, हा हक्क टिकला असता.

नोकरी बदलताना जुने खाते नव्यात वर्ग करून घ्यावे. पुढची नोकरी लगेच नसेल, तर पैशांऐवजी योजनेचे प्रमाणपत्र मागता येते. सेवेची वर्षे त्यात नोंदलेली राहतात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली आहे ना, हेही पाहावे. ती नसल्याने अनेकांचे खाते अडकून पडते, आणि कंपनी बंद झाली असेल, तर ती नोंदवून घेण्यासाठी पूर्वी खेटे घालावे लागत.