वखारीतील नागाची अंडी

धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे नाग. मिरजेतील वखारदारांना हे नव्याने सांगावयास नको. उन्हाळा सरताना जुन्या बारदानाची थप्पी हलवावी आणि खाली पंधरा-वीस पांढरी, चामड्यासारख्या मऊ कवचाची अंडी दिसावीत, असाही प्रसंग येतो. ती फोडण्याचा विचार जैन घरात कोणी करणार नाही. जळत्या ओंडक्यातील नागयुगुल आणि पार्श्वप्रभू यांची कथा तेथे बालपणीच कानी पडलेली असते. परंतु तीच अंडी करुणेने टोपलीत भरून कृष्णाकाठी नेऊन ठेवली, तरी बहुधा जीव वाचत नाहीत.

कोंबडी उबवताना आपली अंडी वारंवार फिरवते. सापाच्या अंड्यास ते सोसत नाही. अंडे घातल्यावर एक-दोन दिवसांतच आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर गर्भ बलकाखाली दबून मरतो. म्हणूनच जाणकार सर्पमित्र अंडी उचलण्यापूर्वी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीने हलकी खूण करतात आणि तीच बाजू अखेरपर्यंत वर ठेवतात. एकमेकांस चिकटलेली अंडी तर सोडवीतच नाहीत.

वखारदाराने मात्र हात लावूच नये. नागीण अनेकदा अंड्यांजवळच असते. माणसे दूर करून वन विभागास कळवावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा हलवणे हीदेखील शिकारच ठरते, हे किती जणांस ठाऊक असेल?

पुढचे काम संयमाचे. डब्यात ओलसर कोकोपीट पसरून अंडी त्यात अर्धी रुतवतात. उष्णता 28 ते 32 अंशांच्या दरम्यान राखतात. हवा कोरडी पडली तर कवच आकसते, पाणी थेट शिंपडले तर बुरशी धरते. नागाच्या अंड्यांस साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे पिले बहुधा नागपंचमीच्या आगेमागे, ऐन चातुर्मासात बाहेर येतात.

तोंडावरील इवल्या दाताने पिलू कवच चिरते, डोके बाहेर काढते आणि उरलेला बलक शोषून घेत कित्येक तास तसेच थांबते. त्या वेळी त्यास ओढून काढणे घातक असते. वीतभर लांबीच्या त्या जिवापाशी जन्मतःच विष असते, म्हणून त्यास वस्तीपासून दूर, झुडपांच्या आडोशाला सोडतात.