हारिबोन : फिलिपाईन्सच्या अरण्यातील गरुड

गरुड म्हटला की मोकळ्या आकाशात घिरट्या घालणारा पक्षी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु गरुडांमधील एक थोर पक्षी आपले आयुष्य घनदाट वृक्षराजीतच कंठतो. फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. त्यांपैकी लुझॉन, सामार, लेते आणि मिंदानाओ या चारच बेटांवर हा गरुड आढळतो. जगात अन्यत्र कोठेही नाही. तेथे त्याला ‘हारिबोन’ असेही म्हणतात. हारिबोन म्हणजे पक्ष्यांचा राजा.

हे नाव त्याला शोभतेही. चोचीपासून शेपटीपर्यंत त्याची लांबी सुमारे १ मीटर भरते आणि पसरलेल्या पंखांचा विस्तार २ मीटरांच्या आसपास असतो. पाठ गडद तपकिरी, पोट पांढरे, डोळे निळसर करडे आणि मस्तकावर लांब पिसांचा तुरा असे त्याचे रूप आहे. देहाच्या मानाने त्याचे पंख आखूड व रुंद, तर शेपटी लांब असते. या ठेवणीमागे कारण आहे. लांब पंख दाट फांद्यांत अडकतील. आखूड पंखांनी झाडांमधून वाट काढता येते आणि लांब शेपटी सुकाणूप्रमाणे झटकन वळण्याच्या कामी येते.

१८९६ साली जॉन व्हाइटहेड या इंग्रज निसर्गसंशोधकाला सामार बेटावर या पक्ष्याचा नमुना मिळाला. हा वानरे खातो असे स्थानिक लोकांनी सांगितल्यावरून त्याला ग्रीक भाषेतून ‘वानरभक्षक’ अशा अर्थाचे शास्त्रीय नाव देण्यात आले. वस्तुतः वानर हे त्याच्या आहारातील केवळ एक भक्ष्य होय. अंगाच्या कातडी पडद्यावर तरंगत झाडावरून झाडावर जाणारा कोलुगो नावाचा प्राणी, उदमांजरे, धनेश पक्षी, साप हेही तो खातो. डोंगराच्या माथ्याकडून फांदीफांदीवर बसत, टेहळणी करीत तो खाली उतरतो आणि पुन्हा वर जाऊन नव्याने आरंभ करतो. पुढे १९७८ साली सरकारी घोषणेने त्याचे प्रचलित नाव बदलून ‘फिलिपाईन गरुड’ असे झाले आणि १९९५ साली त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाला.

महाभारतात विनतेची कथा आहे. पाचशे वर्षे वाट पाहूनही अंडी उबेनात, तेव्हा तिने उतावीळपणे एक अंडे फोडले आणि अर्धवट वाढलेला अरुण बाहेर आला. दुसऱ्या अंड्यासाठी तिने आणखी पाचशे वर्षे धीर धरला, तेव्हा गरुड जन्मला. या खऱ्या गरुडाचा संसारही असाच धीराचा आहे. उंच वृक्षावरील काटक्यांच्या प्रशस्त घरट्यात मादी एकच अंडे घालते. ते उबण्यास सुमारे दोन महिने लागतात. पिल्लू चार-पाच महिन्यांनी घरटे सोडते. तथापि त्यानंतरही वर्षभर किंवा अधिक काळ ते आईबापांवरच अवलंबून असते. म्हणून एक जोडी दोन वर्षांत एकच पिल्लू वाढविते. दहा वर्षांत फार तर पाच! त्या पिल्लांना स्वतःचा संसार थाटण्यास आणखी पाच ते सात वर्षे लागतात.

हा हिशेब ध्यानी घेतला म्हणजे संकटाचे स्वरूप कळते. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलिपाईन्सचा सुमारे ७० टक्के प्रदेश वनाच्छादित होता. शतक संपताना तो चतुर्थांशाहूनही कमी उरला. एका जोडीला मात्र कित्येक चौरस किलोमीटरांचे अरण्य लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या गरुडाच्या अवघ्या ३९२ जोड्यांचा अंदाज दिला आहे. अशा स्थितीत बंदुकीच्या एका गोळीने केवळ एक पक्षी मरत नाही, त्याची पुढील सारी पिल्लेही नाहीशी होतात. २००८ साली मार्चमध्ये कागसाबुआ नावाचा गरुड उपचारानंतर मिंदानाओच्या रानात सोडण्यात आला होता. काही महिन्यांतच एका शेतकऱ्याने त्याला मारून खाल्ले. आज या अपराधास बारा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

दाव्हाव शहराजवळील संवर्धन केंद्रात १५ जानेवारी १९९२ रोजी माणसाच्या देखरेखीखाली या जातीचे पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले. त्याचे नाव ‘पाग-आसा’, म्हणजे आशा. या शब्दातील ‘आसा’ हा आपल्या संस्कृतातील ‘आशा’ शब्दच होय. समुद्र ओलांडून तो तेथे रुजला आहे. पाग-आसा २०२१ च्या जानेवारीपर्यंत जगला.

विद्यार्थी मित्रांनो, केंद्रात पिल्लू वाढविता येते. पण मोठे झाल्यावर त्याने घरटे बांधावे असा शंभर वर्षांचा वृक्ष केंद्रात वाढविता येत नाही. त्याला शंभर वर्षेच लागतात. विनतेने दुसऱ्या अंड्यासाठी जो धीर धरला, तो आता माणसाने अरण्यासाठी धरावयाचा आहे.