अळंबी व रानफळे, पनवेल–उरण परिसरातील
रायगड जिल्ह्याच्या पनवेल व उरण तालुक्यांत डोंगरउतार, माळराने व शेतांचे बांध यांवर लागवडीवाचून येणारी आणि घरगुती आहारात वापरली जाणारी कवके व फळे. न्हावा व शेवा या खाडीकाठच्या गावांवरून न्हावा शेवा म्हणून ओळखले जाणारे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वी येथील आगरी व कोळी समाजांचा निर्वाह मुख्यतः भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर चालत असे, तर डोंगराकडील वाड्यांत राहणारे कातकरी लोक रानातील जिन्नस गोळा करून स्वतः वापरीत व गावांत विकीत. खाडीकडून मीठ व मासळी आणि डोंगराकडून आंबट फळे व अळंबी, अशा दुहेरी पुरवठ्यावर येथील स्वयंपाक घडला. हे अन्न पैशावाचून मिळत असले, तरी जाणकारीवाचून मिळत नाही. अळंबीच्या बाबतीत तर ओळखण्यातील चूक प्राणघातक ठरू शकते.

रानफळे : फळांचा हंगाम मुख्यतः मार्च ते जून असा असतो. करवंद (कॅरिसा कंजेस्टा) हे काटेरी जाळीचे फळ सर्वांत विपुल. कच्चे करवंद हिरवे, आंबट व चिकाळ असते. ते मिठाच्या पाण्यात ठेवून चीक काढतात व त्याचे मोहरी घालून लोणचे किंवा गूळ व मिरची घालून चटणी करतात. कच्च्या फळात पेक्टिन पुष्कळ असल्याने मुरंबा व जेली चांगली जमते. एप्रिल–मेमध्ये पिकून काळी झालेली करवंदे तशीच खातात. जांभूळ (सिझिजियम क्युमिनी) पावसाच्या तोंडावर पिकते व फार टिकत नाही. तोरण (झिझिफस रुगोसा) ही पांढरी, पिठूळ गराची फळे आणि आळू (मेयना लॅक्सिफ्लोरा) ही तपकिरी, आंबट-गोड फळे विशेषतः मुलांना आवडतात. आळू हे फळ पानांची भाजी होणाऱ्या अळूहून सर्वस्वी वेगळे होय.

भोकराच्या (कॉर्डिया डायकॉटोमा) कच्च्या फळांचे लोणचे घालतात. फळ ठेचून बी काढताना त्यातील बुळबुळीत, चिकट द्रव हाताला चिकटतो. तो सुटावा म्हणून बोटे किंवा काडी मिठात बुडवून बी काढतात. रानआंबाड्याचे (स्पाँडियस पिनॅटा) कच्चे फळ मासळीच्या कालवणाला आंबटपणा आणते. त्याच कामी कोकमही (गार्सिनिया इंडिका) वापरतात, मात्र त्याची झाडे दक्षिण कोकणात अधिक आहेत. पिकलेल्या फळाची साल त्याच्याच रसात मीठ घालून वारंवार भिजवतात व उन्हात वाळवतात. तेच आमसूल होय. सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील कोकमास २०१६ मध्ये, तर पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळास २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले.

रानातील किंवा कुंपणावरील प्रत्येक फळ खाद्य नसते. बाहेरून आलेल्या मोगली एरंडाच्या (जट्रोफा कर्कस) बिया शेंगदाण्यासारख्या चवीच्या लागत असल्याने मुले त्या खातात व त्यांना विषबाधा होते.

अळंबी : पहिल्या जोरदार पावसानंतर, विशेषतः मधूनमधून ऊन पडू लागले म्हणजे, वारुळांच्या जागी अळंबी उगवतात. यांतील सर्वांत मोलाची अळंबी टर्मिटोमायसीज या प्रजातीतील असतात. ही प्रजाती फ्रेंच कवकवैज्ञानिक रॉझे एम यांनी १९४२ मध्ये प्रस्थापित केली. विदर्भात अशा अळंबींना सात्या म्हणतात. गोव्यात वारुळाला रोंयण म्हणतात व त्यावरून रोंयण अळमी हे नाव आले आहे.

या कवकांचे वाळवीशी सहजीवन असते. वाळवी चघळलेले लाकूड व पालापाचोळा यांपासून वारुळाच्या आत सच्छिद्र पोळी रचते व तीवर कवक वाढवते. कवक लाकडातील कठीण घटकांचे अपघटन करते आणि त्यामुळे वाळवीला पचण्याजोगे अन्न मिळते. पावसात याच पोळ्यांपासून लांब, मुळासारखा देठ मातीतून वर येतो व जमिनीवर छत्र उघडते. जिवंत वारूळ हेच अळंबीचे शेत असल्याने त्याच जागी ती वर्षानुवर्षे येतात, आणि जाणती कुटुंबे आपली जागा सहसा इतरांना सांगत नाहीत. वारूळ खणल्यास किंवा सपाट केल्यास तेथील पीक कायमचे संपते. बाजारात मिळणारी धिंगरी किंवा बटण अळंबी शेडमध्ये वाढवता येतात. वाळवीवर अवलंबून असलेल्या या अळंबींची तशी व्यापारी लागवड होत नाही.

पाककृती : छत्र पूर्ण उघडण्यापूर्वी, सकाळीच अळंबी काढतात. देठाच्या टोकाची माती खरवडून ती तीन-चार पाण्यांत धुतात व हातानेच उभी फाडतात. ताज्या अळंबीत सुमारे नव्वद टक्के पाणी असते. म्हणून भाजीत पाणी घालावे लागत नाही. तेलात कांदा व लसूण परतून हळद, घरगुती मसाला व मीठ घालतात, त्यावर अळंबी टाकून अंगच्या पाण्यात शिजवतात व शेवटी ओले खोबरे आणि एखादे आमसूल घालतात. सोबत तांदळाची भाकरी असते. कवकांच्या पेशीभित्तींत कायटिन असल्याने कच्ची किंवा अर्धवट शिजलेली अळंबी पचनास जड जातात. ती लवकर नासतात. म्हणून त्याच दिवशी शिजवणे इष्ट. पावसात ऊन पुरेसे नसल्याने टिकवायची असल्यास चुलीच्या उबेवर वाळवतात.

विषारी जाती : रुप्याचे नाणे किंवा लसूण काळी न पडल्यास अळंबी निर्धोक, किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, चांगली उकळल्यास विष जाते, असे समज प्रचलित आहेत. ते सर्व निराधार आहेत. ॲमानिटा व लेपिओटा या प्रजातींतील काही जातींत असणारी ॲमाटॉक्सिने उकळल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाहीत. त्यांच्या विषबाधेची लक्षणे साधारणतः ६ ते २४ तासांनी दिसू लागतात. उलट्या व जुलाब थांबून रोग्यास बरे वाटते, पण त्याच काळात यकृताचा नाश चालू असतो व काही दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस ही गवतात उगवणारी मोठी, पांढरट जाती खाद्य अळंबीसारखी दिसते. तिच्यामुळे काही तासांतच तीव्र उलट्या होतात.

छत्र कागदावर पालथे ठेवून वर भांडे झाकल्यास काही तासांनी बीजुकांचा ठसा उमटतो. टर्मिटोमायसीजचा ठसा गुलाबीसर, क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीसचा हिरवट व ॲमानिटाचा पांढरा असतो. तथापि गुलाबीसर ठसा देणाऱ्या काही अन्य जातीही विषारी आहेत, तसेच वारुळावर उगवलेले प्रत्येक कवक खाद्य नसते. त्यामुळे कोणतीही एक खूण पुरेशी नाही. जागा, हंगाम, देठाचे मूळ, वलय व तळाचा पेला ही सर्व लक्षणे जुळली आणि जाणत्याने ओळखली, तरच अळंबी खाण्यास घ्यावी. शंका आल्यास ती टाकून द्यावी. विषबाधेचा संशय येताच, लक्षणे ओसरली असली तरी, रोग्यास रुग्णालयात न्यावे व उरलेल्या अळंबीचा नमुना बरोबर द्यावा.

हक्क व सद्यस्थिती : या भागात रानाचा वापर हा संघर्षाचाही विषय राहिला आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे झालेल्या जंगल सत्याग्रहाच्या वेळी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात प्राण गमावलेल्यांपैकी नाग्या महादू हे कातकरी होते. वनहक्क मान्यता अधिनियमाने (२००६) आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्यासारख्या क्षेत्रांत १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे निर्बंधही लागू असतात.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी केलेले भूसंपादन, त्यानंतरचे बंदर, गोदामे, रुंद रस्ते आणि विमानतळासाठी झालेली उलवे टेकडीची कापणी यांमुळे परिसराचे रूप पालटले. बांध व माळ गेले, त्याबरोबर करवंदीच्या जाळ्या व वारुळेही गेली. हंगामात कातकरी स्त्रिया आजही रस्त्याकडेला व बाजारात पानांच्या द्रोणांतून करवंदे, जांभळे व अळंबी विकतात. पण घेणारी अनेक कुटुंबे नव्याने आलेली असून त्यांस ती ओळखता येत नाहीत. फळाची ओळख एका हंगामात शिकता येते. अळंबीची ओळख मात्र त्याच जागी, जाणत्या व्यक्तीबरोबर, अनेक पावसाळे काढून शिकावी लागते. अशा जागा कमी होत गेल्याने ती पुढच्या पिढीस देण्याचे प्रसंगही कमी होत आहेत आणि अर्धवट माहितीवर अळंबी खाण्याचा धोका वाढत आहे.