बंद पडलेल्या डिस्कमधून नामावळीची पानं कशी काढाल?

त्र्यंबकेश्वरला पूजेसाठी गेलात की गुरुजी आधी विचारतात, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’ मग नामावळीची जाड वही निघते आणि तुमच्या पणजोबांचं नाव सापडतं. अशा पानांचे स्कॅन ज्या संगणकावर आहेत, त्याची हार्ड डिस्कच खरखरू लागली तर?

जाणकार माणूस अशा वेळी आधी ‘डीडीरेस्क्यू’ने डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये काढतो. हीच डिस्क इमेज. पण लिनक्सवर ती थेट ‘माउंट’ करायला गेलात, तर फाइल सिस्टिम चुकीची असल्याचा संदेश येतो. इथेच अनेक जण डेटा गेला असं समजतात. तो बहुधा जागेवरच असतो.

इमेज म्हणजे एक कप्पा नव्हे, अख्खं कपाट. कप्पे, म्हणजे पार्टिशन, कुठे सुरू होतात ते ‘एफडिस्क -एल’ ही कमांड सांगते. समजा, कप्पा २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतो. सेक्टर ५१२ बाइटचा असेल, तर गुणाकार १०,४८,५७६. माउंट करताना हा आकडा ‘ऑफसेट’ म्हणून द्यायचा, ही जुनी पद्धत. एक अंक चुकला तरी काम अडतं.

सोपा मार्ग ‘लॉसेटअप’चा. या कमांडला -एफ, -आर, --शो आणि कॅपिटल -पी हे पर्याय जोडून इमेजचं नाव द्या. (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि ‘सुडो’ लावून.) प्रत्येक पार्टिशन लूप०पी१, लूप०पी२ असं वेगळं दिसू लागतं. ‘एलएसबीएलके’ त्यांचे आकार दाखवते. विंडोजच्या डिस्कवर पहिले एक-दोन कप्पे बहुधा लहान असतात. तुमच्या फाइल बहुतेकदा सर्वांत मोठ्या कप्प्यात. तोच माउंट करा, पण ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचण्यापुरता. एरवी नुसतं माउंट केल्यानेही इमेजमध्ये बदल होऊ शकतात, आणि ही तुमची एकमेव प्रत असू शकते.

फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या की ‘युमाउंट’ आणि मग ‘लॉसेटअप -डी’.

त्यानंतर स्कॅन एकेक उघडून पाहा. डिस्कचा जो भाग वाचताच आला नाही, तिथला मजकूर इमेजमध्ये नसतो. असा फोटो अर्धाच उघडतो, खाली करडा पट्टा दिसतो. तेवढी पानं वहीवरून पुन्हा स्कॅन करावी लागतील.